वहिवाटीने पडलेली वाट: गणितातल्या वस्तू 'वस्तू' कधी होतात?

टरफल

शाळेत असताना मला ठोकळ्यांचा नाद होता. सारख्या आकाराचे छोटे लाकडी घन. एक ठोकळा ठेवायचा, त्याचा एक कोपरा पक्का धरायचा आणि उरलेल्या तीन बाजूंनी थर चढवायचा, की २×२×२ चा घन होतो. त्यावर तसाच आणखी एक थर, की ३×३×३. या थराला मी 'टरफल' म्हणायचो. पहिल्या टरफलाला ७ ठोकळे लागतात, पुढच्याला १९, त्याच्या पुढच्याला ३७. आकडे तोंडपाठ झाले होते, पण ते कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही. माझा हाताचा चाळा होता तो.

वर्गातली एक मैत्रीण वहीच्या मागच्या पानांवर ठिपके काढायची. मधे एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा, मग अठरा. तिच्या लेखी ते 'पोळं'. एकदा तिच्या वहीत कडेला लिहिलेलं दिसलं: १, ७, १९, ३७. मी म्हटलं, हे तर माझे आकडे. ती म्हणाली, तुझे कसे, हे पोळ्याचे. पुढचा आकडा कोणता यावर पैज लागली. तिने ३७ मध्ये २४ मिळवले, मी १२५ मधून ६४ वजा केले. दोघांचेही ६१.

मग बराच वेळ आम्ही ते टरफल हातात धरून फिरवत बसलो. पक्का धरलेला कोपरा मागे ठेवून त्याच्या समोरचा कोपरा बरोबर डोळ्यासमोर आणला, तेव्हा तीन बाजू एकदम दिसल्या आणि बाहेरची कड षटकोनी झाली. एकोणीसच्या एकोणीस ठोकळे दिसत होते, एकही दुसऱ्यामागे लपत नव्हता. तिचं पोळं माझ्या हातात होतं.

त्या दिवसानंतर 'टरफल' आणि 'पोळं' हे दोन्ही शब्द तोकडे पडायला लागले. आम्ही 'ते एकोणीसवालं' म्हणू लागलो. आता मागे वळून बघताना वाटतं, त्या क्षणी काहीतरी *वस्तू* झालं. आधी माझी एक सवय होती, तिची एक सवय होती. दोघांच्या सवयींना एकमेकींशी जुळवून घ्यावं लागलं, आणि जे जुळलं ते दोघांपैकी कुणाच्याही मर्जीवर राहिलं नाही.

धागा काढायचं कारण हेच. 'गणित शोधतात की घडवतात' हा वाद इथे नको, तो पुष्कळ झाला आहे. मला त्याहून लहान प्रश्न पडला आहे: रोजच्या गणिती व्यवहारात, म्हणजे कागदावर खरडणं, चुकणं, दुसऱ्याला समजावणं, त्याने अडवणं यात, एखादी गोष्ट 'वस्तू' नेमकी कधी होते?

एक उदाहरण मला फार आवडतं. इटालियन गणिती कार्डानोने १५४५ मध्ये एक कोडं मांडलं: १० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० यावा. उत्तर आलं ५ + √−१५ आणि ५ − √−१५. गुणाकार करून पाहिला, ४० आले. हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. त्याच्या हाताला काहीतरी लागलं होतं, पण त्याने मूठ मिटली नाही.

पुढे १५७२ मध्ये बाँबेलीसमोर क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण होतं. क्ष = ४ हे उत्तर आहे हे नुसतं बघून कळतं: ६४ = ६० + ४. पण घनसमीकरणाचं सूत्र लावलं तर (२ + √−१२१) आणि (२ − √−१२१) यांच्या घनमुळांची बेरीज येते. म्हणजे उत्तर समोर आहे आणि सूत्र भलत्याच रानात नेतंय. बाँबेलीने (२ + √−१) चा घन करून पाहिला. वहीत करून बघा: ८ + १२√−१ − ६ − √−१, म्हणजे २ + ११√−१, म्हणजे बरोबर २ + √−१२१. दुसरं घनमूळ अर्थातच २ − √−१. बेरीज ४. रानातून वाट काढत तो घराच्याच दाराशी आला.

त्याने या गोष्टींना 'ऋणाचं अधिक' आणि 'ऋणाचं उणे' अशा अर्थाची नावं दिली आणि त्यांच्या गुणाकाराचे नियम लिहून काढले. त्या *काय* आहेत ते कुठेही सांगितलं नाही, त्यांच्याशी *कसं वागायचं* ते सांगितलं. पुढची अडीचशे वर्षं लोक तसेच वागत राहिले. १६३७ मध्ये देकार्तने त्यांना 'काल्पनिक' म्हटलं, ते नाव अजून पुसलेलं नाही. प्रतलावरचे बिंदू म्हणून त्यांच्याकडे पाहायला वेसेलचा १७९९ चा आणि आर्गांचा १८०६ चा लेख यावा लागला, आणि गाउसने १८३१ मध्ये तेच मांडल्यावर ते सर्वमान्य झालं. 'दोन वास्तव संख्यांची जोडी' ही हॅमिल्टनची कोरडी, निर्दोष व्याख्या त्याहीनंतरची.

आपल्याकडे जमिनीच्या वादात 'वहिवाट' म्हणतात तसं हे आहे. लोक रोज तिथून जातात, वाट पडते, आणि कागदावर तिची नोंद फार मागाहून होते. माझं म्हणणं एवढंच की गणितातल्या वस्तू वहिवाटीने पडतात. तुम्हाला काय वाटतं?

---

मूळ_अवयव

वहिवाट हा शब्द चपखल आहे. त्यात माझी एक भर: वाट कधी कधी *बदलते*सुद्धा, आणि का बदलली ते पाहिलं की तुमचं म्हणणं जास्त स्पष्ट होतं.

१ ही मूळ संख्या आहे का? आज कुणीही पटकन 'नाही' म्हणेल. पण गोल्डबाखने १७४२ मध्ये ऑयलरला मूळ संख्यांच्या बेरजेबद्दलचं ते प्रसिद्ध पत्र लिहिलं तेव्हा तो १ ला मूळ संख्यांतच धरत होता. डी. एन. लेमर यांची १९१४ ची मूळ संख्यांची भली मोठी यादी १ पासूनच सुरू होते. ही चूक नव्हती. 'स्वतःने आणि एकाने भाग जातो' या व्याख्येत १ बसवता येतो.

मग तो बाहेर का गेला? प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे प्रमेय आपण किती ठिकाणी वापरतो बघा. १ ला मूळ धरलं की १२ = २×२×३ = १×२×२×३ = १×१×२×२×३, याला अंतच नाही. दर वेळी 'एक सोडून' असं लिहावं लागतं. विसाव्या शतकात लोक ते लिहून लिहून कंटाळले, असं मी म्हणेन. त्यातच अमूर्त बीजगणितात 'एकक' (ज्यांनी १ ला भाग जातो अशा संख्या) नावाचा वेगळा वर्ग झाला आणि १ ची तिकडे पक्की सोय लागली.

म्हणजे व्याख्या हा पाया नाही. व्याख्या हा तडजोडीचा शेवटचा मसुदा आहे. आणि त्या तडजोडीत एक पक्ष माणसांचा असला तरी दुसरा पक्ष प्रमेयांचा असतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

---

सावली_आणि_गुहा

सुंदर लेख, पण मी विरोधी बाजूचा आहे आणि मनापासून आहे.

तुम्ही सांगता तो सगळा इतिहास *आपल्या ओळखीचा* इतिहास आहे. एखाद्या डोंगराचा नकाशा हळूहळू सुधारत गेला म्हणून डोंगर हळूहळू झाला असं होत नाही. तुमच्याच गोष्टीत बघा ना: तुमचे दोघांचे ६१ का जुळले? सवयी वेगळ्या होत्या, भाषा वेगळी होती. जुळण्यासारखं काहीतरी आधीच तिथे होतं म्हणून जुळले.

माझं उदाहरण 'मॉन्स्टर' गटाचं. (गट म्हणजे एकामागोमाग करता येतात आणि उलटवताही येतात अशा कृतींचा संच.) १९७३ मध्ये फिशर आणि ग्रीस यांना स्वतंत्रपणे अंदाज आला की असा एक प्रचंड सांत (मोजक्या घटकांचा) साधा (लहान गटांत न फुटणारा) गट असायला हवा. त्यातल्या घटकांची संख्या ५४ अंकी आहे. तो आहे हे सिद्ध होण्याआधीच त्याची १९४ × १९४ ची कॅरेक्टर सारणी, म्हणजे तो कसा वागेल याचा तक्ता, तयार झाली होती! नंतर ग्रीस यांनी तो १,९६,८८३ मितींवर प्रत्यक्ष बांधून दाखवला, तो शोधनिबंध १९८२ चा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९७८ मध्ये जॉन मॅके यांना दिसलं की संख्या-सिद्धांतातल्या जे-फलनाच्या (j-function) मालिकेतला एक सहगुणक १,९६,८८४ आहे. ते फलन एकोणिसाव्या शतकापासून वापरात होतं, त्याचा आणि गटांच्या वर्गीकरणाचा सुतराम संबंध नव्हता. १,९६,८८३ + १. कॉनवे आणि नॉर्टन यांनी १९७९ मध्ये यावरून अटकळ मांडली, बोर्चर्ड्स यांनी १९९२ मध्ये ती सिद्ध केली.

दोन वहिवाटी, मधे डोंगर, आणि दोन्ही वाटा एकाच विहिरीवर येतात. विहीर चालणाऱ्यांनी खणलेली नाही.

---

टरफल

@सावली_आणि_गुहा, तुमच्या प्रतिसादाचा पहिला भाग माझ्या बाजूने जातो असं मला वाटतं. गट हातात नाही, पण त्याची सारणी तयार आहे. म्हणजे 'असं काही असेल तर ते कसं वागेल' हा व्यवहार आधी आणि वस्तू नंतर. बाँबेलीचीच गोष्ट, चारशे वर्षांनी.

दुसऱ्या भागाला मात्र माझ्याकडे तोड नाही. दोन परंपरा एकमेकींना न विचारता एकाच आकड्यावर येतात हे 'सवयीने झालं' म्हणून मिटवता येणार नाही, आणि मला ते मिटवायचंही नाही. माझ्या पहिल्या लेखात मी 'जे जुळलं ते कुणाच्या मर्जीवर राहिलं नाही' असं लिहिलं. ते वाक्य मी निसटतं लिहिलं होतं. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर वाटतंय की धाग्याचा खरा विषय तेच आहे.

---

शेवटचा_बाक

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न विचारतो. व्याख्या सगळ्यात शेवटी येते तर आम्हाला ती सगळ्यात आधी का शिकवतात? गटाची व्याख्या पहिल्याच तासाला फळ्यावर आली. चार अटी. मी त्या पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या, आणि अजूनही गट म्हणजे काय ते मला कळलेलं नाही. हे लिहिताना वाईट वाटतं.

---

अंशछेद

@शेवटचा_बाक, मी बरीच वर्षं हाच विषय शिकवते. त्या चार अटी पाठ करून कुणालाच काही कळत नाही, तुम्ही एकटे नाही.

गाल्वा समीकरणांच्या मुळांची अदलाबदल करत होता. कोणत्या अदलाबदली चालतात, त्या एकामागोमाग केल्या तर काय होतं, एवढंच. १८३२ मध्ये तो गेला, त्याचं लेखन लिउव्हिलने १८४६ मध्ये छापलं, आणि अदलाबदल बाजूला ठेवून नुसत्या चिन्हांचा गट ही कल्पना आर्थर केलीने १८५४ मध्ये मांडली. तीही तेव्हा फारशी कुणी उचलली नाही. म्हणजे गाल्वाला फळ्यावरच्या त्या चार अटी माहीतच नव्हत्या, आणि गट मात्र त्याच्या हातात होता.

आज एक करा. पुठ्ठ्याचा समभुज त्रिकोण कापा, कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी क, ख, ग लिहा. कागदावर त्याची बाह्यरेषा काढा आणि तो उचलून परत त्याच चौकटीत बसवायच्या सगळ्या रीती शोधा. सहा निघतील. आता आधी पलटून मग फिरवा, आणि आधी फिरवून मग पलटा. कोपरे वेगळ्या जागी येतील. तो फरक बोटांना जाणवला की मग फळ्यावरच्या अटी वाचा. त्या तुम्ही नुकतंच जे केलं त्याचीच टिपणं आहेत असं दिसेल.

व्याख्या आधी शिकवण्यामागे कारण आहे: ती थोडक्यात सांगता येते आणि सगळ्यांची एकच राहते. पण व्यवहार कापून टाकून नुसती व्याख्या दिली तर मुलांच्या हातात शिक्का येतो, नाणं येत नाही.

---

मूळ_अवयव

अंशछेद, +१. पुठ्ठ्याचा त्रिकोण मीही करून पाहणार.

---

उलटसुलट

मला कापरेकरांचा ६१७४ आठवला. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच.

हे द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलं. शाळेत शिकवणारा माणूस, आकड्यांशी एकट्याने खेळणारा. वैयक्तिक व्यवहारातून निघालेली वस्तू म्हणजे हीच.

पण या धाग्याच्या दृष्टीने मला दुसरीच गंमत दिसते. १००० घ्या. १००० − ०००१ = ९९९. आता पुढे काय? ९९९ ही तीन अंकी संख्या मानली तर ९९९ − ९९९ = ०, खेळ खलास. पण ०९९९ असं लिहिलं, पुढचं शून्य जपलं, तर ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. म्हणजे 'पुढचं शून्य टाकायचं नाही' हा एक ठराव आहे, आणि तो माणसाने केलेला आहे. दशमान पद्धतही आपलीच. मात्र हे दोन ठराव झाल्यावर ६१७४ च येणार, ६१७५ नाही, हे कापरेकरांच्या हातात नव्हतं.

त्यामुळे टरफल आणि सावली_आणि_गुहा, तुम्ही दोघंही बरोबर आहात असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, तुमचं भांडण चुकीच्या जागी लागलंय. ठराव कुठे संपतो आणि सक्ती कुठे सुरू होते ती रेघ दर वस्तूत वेगळ्या जागी असते. १ मूळ आहे की नाही यात ठरावाचा वाटा मोठा. मॉन्स्टरमध्ये जवळजवळ नाहीच.

---

सावली_आणि_गुहा

> ठराव कुठे संपतो आणि सक्ती कुठे सुरू होते ती रेघ दर वस्तूत वेगळ्या जागी असते.

हे मला मान्य आहे, आणि मान्य करताना माझी पहिली भूमिका थोडी सैल होते हेही कबूल करतो. ६१७४ ला मी 'डोंगर' म्हणणार नाही.

---

पान_कोरं

धाग्यात 'सामायिक' व्यवहारावर बोलणं झालं, 'वैयक्तिक'वर कमी. म्हणून लिहिते.

रामानुजन यांनी जानेवारी १९२० मध्ये इंग्रज गणिती हार्डींना शेवटचं पत्र लिहिलं. त्यात 'मॉक थीटा फलनं' म्हणून १७ उदाहरणं होती. काटेकोर व्याख्या नव्हती. ती फलनं कशी वागतात याचं वर्णन होतं आणि पुढे नुसती सूत्रं. एप्रिलमध्ये ते गेले. त्यांच्या हाताला ती वस्तू लागली होती यात मला शंका नाही, नाहीतर नेमकी तीच १७ फलनं निवडताच आली नसती. पण ती पकड त्यांच्यासोबत गेली.

नंतर वॉटसन यांनी १९३० च्या दशकात त्यावर काम केलं, आणखी अनेकांनी केलं. सूत्रं सिद्ध होत गेली, तरी 'मॉक थीटा फलन म्हणजे काय' हे सांगता येत नव्हतं. ते झ्वेगर्स यांच्या २००२ च्या प्रबंधाने सांगितलं: त्यांत एक विशिष्ट भर घातली की ती मॉड्युलर फलनांसारखी (ठरावीक बदल केले तरी रूप टिकवणाऱ्या फलनांसारखी) वागतात, फक्त भर घातलेलं फलन नेहमीच्या अर्थाने विश्लेषणक्षम राहत नाही. ब्याऐंशी वर्षं एका माणसाची खाजगी वहिवाट उघडी पडलेली होती, आणि तिच्या टोकाला काय आहे ते कळायला तेवढा काळ लागला.

उलट उदाहरणही आहे. मोचिझुकी यांनी २०१२ मध्ये एबीसी अटकळीची (क + ख = ग मधल्या संख्यांच्या मूळ अवयवांबद्दलच्या अटकळीची) सिद्धता म्हणून शेकडो पानं प्रसिद्ध केली. भाषा पूर्णपणे त्यांची स्वतःची. २०१८ मध्ये शोल्झे आणि स्टिक्स त्यांना प्रत्यक्ष भेटले, काही दिवस चर्चा झाली, आणि एका विशिष्ट पायरीवर त्यांचं समाधान झालं नाही. २०२१ मध्ये ते लेख नियतकालिकात छापूनही आले, पण बहुतेक तज्ज्ञ ती सिद्धता मानत नाहीत. छापून येणं आणि सामायिक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नसेल.

आणि अमेरिकन गणिती थर्स्टन. त्यांनी १९९४ च्या एका लेखात स्वतःबद्दल प्रांजळपणे लिहिलंय की तरुणपणी त्यांनी फोलिएशनच्या (अवकाशाचे थरांत विभाजन करण्याच्या) क्षेत्रात भराभर प्रमेयं सिद्ध केली, आणि काही वर्षांत ते क्षेत्र ओस पडलं. इतरांना वाटलं आता इथे करण्यासारखं काही उरलं नाही. पुढच्या कामात त्यांनी मुद्दाम वेग आवरला आणि विचार करायच्या रीती लोकांच्या हाती पोचवण्यावर भर दिला. मला हे वाचून गलबलून आलं होतं. वस्तू जिवंत राहायला प्रमेयं पुरत नाहीत, हाताळणारे हात लागतात.

---

खहर

शून्याने भागणं हा ठरावाचा सगळ्यात जुना किस्सा असावा. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्य ही इतरांसारखीच एक संख्या धरून तिचे बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम दिले, आणि शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असंही सांगितलं. बाकी संख्यांना शून्याने भागलं तर नुसतं 'त्याचा छेद शून्य' म्हणून ठेवून दिलं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी त्याला 'खहर' म्हटलं, ज्यात काही मिळवलं किंवा वजा केलं तरी बदल होत नाही अशी राशी. (ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नव्हे, हेही त्यांनी लिहिलं. म्हणजे बाँबेलीच्या वाटेच्या तोंडाशी येऊन त्यांनी विचारपूर्वक 'पुढे वाट नाही' अशी पाटी लावली.)

शाळेत आपण 'शून्याने भागता येत नाही' शिकतो. आणि आज सिद्धता तपासणाऱ्या लीन या संगणक प्रणालीच्या ग्रंथालयात १ भागिले ० चं उत्तर ० असं ठरवून दिलेलं आहे! संगणकाला प्रत्येक इनपुटवर काहीतरी उत्तर लागतं, आणि शून्य ठेवलं की कित्येक प्रमेयं 'छेद शून्य नसेल तर' या अटीशिवाय लिहिता येतात. जिथे ती अट खरंच लागते तिथे ती प्रमेयात येते. गणित मोडत नाही, ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातं.

---

टरफल

खहर, हे फार मोलाचं आहे. आणि पान_कोरं, 'पकड त्यांच्यासोबत गेली' हे वाक्य मी विसरणार नाही.

उलटसुलट यांच्या रेघेवर विचार करताना मला कुमर आणि डेडेकिंड आठवले. √−५ मिसळलेल्या पूर्णांकांत ६ चे अवयव दोन रीतींनी पडतात: २ × ३, आणि (१ + √−५)(१ − √−५). यातला एकही अवयव आणखी फुटत नाही. मूळ_अवयव यांनी म्हटलेलं लाडकं प्रमेय इथे कोसळतं. अशाच अडचणीवर कुमरने १८४० च्या दशकात म्हटलं की आत आणखी खोल 'आदर्श संख्या' आहेत असं समजा, मग अवयव पुन्हा एकाच प्रकारे पडतात. त्या संख्या त्याला दाखवता येत नव्हत्या, पण अमुक संख्येला त्यांनी भाग जातो की नाही हे तपासता येत होतं. डेडेकिंडने १८७१ मध्ये काय केलं? त्या नसलेल्या संख्येने ज्यांना भाग गेला असता अशा सगळ्या असलेल्या संख्या गोळा केल्या आणि म्हणाला, हा संच हीच वस्तू. त्याला आज 'आयडियल' म्हणतात, नावात कुमरची आठवण आहे.

नसलेल्या माणसाच्या पावलांचे ठसे गोळा करून त्यालाच माणूस म्हणावं, तसं. आणि पुढची दीडशे वर्षं तो माणूस चालतोय, बोलतोय, आपल्याला नाही म्हणतोय. यात ठराव किती आणि सक्ती किती, मला अजून वेगळं करता येत नाही. प्रयत्न चालू आहे.

---

शेवटचा_बाक

अंशछेद मॅडम, त्रिकोण केला. सहाच्या सहा रीती मिळाल्या. पलटून-फिरवून आणि फिरवून-पलटून वेगळं येतं हे बघून मी तो चार वेळा परत केला. धन्यवाद.

टरफल सर, तुमचे ठोकळे डोक्यातून जात नव्हते. २×२×२ च्या घनाला आठ कोपऱ्यांचे ठोकळे. कोपऱ्याच्या समोरून बघितलं की जवळचा आणि लांबचा एकमेकांवर येतात, म्हणून ७: मधे एक आणि भोवती सहा. मग मी विचार केला, चौथ्या घाताचं टरफल असेल तर? १६ − १ = १५. ८१ − १६ = ६५. २५६ − ८१ = १७५. चार मितींचा घन मला दिसत नाही, पण तसंच व्हायला हवं: १६ कोपरे, त्यातले दोन एकमेकांवर, म्हणजे मधे एक आणि भोवती १४. आपल्या तीन मितींत ते १४ कुठे बसत असतील?

काल रात्री मातीचे गोळे आणि काड्या घेतल्या. मधे एक गोळा. त्याभोवती घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ. मग घनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यातून सरळ बाहेर, मधल्या गोळ्यापासून घनाच्या कडेइतक्या अंतरावर एकेक, असे सहा. १ + ८ + ६. बाहेरच्या कड्या जोडल्या तर चौकोन दिसायला लागले, सगळे सारखे, तिरके, बारा.

१५ जमले. पुढच्या थराला ५० गोळे लागतील, ते वळायला घेतलेत. कुठे ठेवायचे ते अजून कळलेलं नाही.

---

टरफल

आहे तसं ठेवा, मोडू नका. मी आज लाकडी मणी आणतो. तुमच्या बारा चौकोनांपैकी एकाचे दोन कर्ण मोजून इथे लिहाल का?